धन्याची शाळा



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय दिला आहे तो ‘पुढारीपण कसे शिकावे’ असा. पुढारी म्हटला की हार, व्यासपीठ आणि निवडणूक डोळ्यांपुढे येते. त्या पुढारीपणाविषयी बोलण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही बोलणार आहोत ते ज्याच्या हाताखाली चार माणसे आहेत त्याच्याविषयी. पाळीवरचा सुपरवायझर, बांधकामावरचा मुकादम, शाळेतल्या मुख्याध्यापिका, पतपेढीचा व्यवस्थापक, इतकेच काय, दोन पोरे कामाला ठेवणारा गॅरेजवाला, हे सगळे आमच्या लेखी पुढारीच. ह्यांच्या शब्दावर कोणाची तरी भाकर आणि कोणाची तरी झोप अवलंबून असते.

आता असे पहा, लेथ चालवायला शिकायचे तर आयटीआय आहे. हिशेब शिकायचा तर कॉलेज आहे. माणसे चालवायला शिकवणारी शाळा मात्र बहुतेकांच्या वाट्याला एकच येते, ती म्हणजे ज्याच्या हाताखाली आपण उमेदवारी केली तो धनी. त्याला साहेब म्हणा, मालक म्हणा, बॉस म्हणा. आम्ही आपला जुना शब्द घेतो. ह्या शाळेला फी नाही, परीक्षा नाही आणि सुट्टीही नाही. शेजारीच चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आहे. पाळी सुटल्यावर जालना रोडवरच्या कोणत्याही चहाच्या टपरीवर दहा मिनिटे उभे राहावे. महागाईविषयी दोन वाक्ये होतात, पावसाविषयी दोन होतात, उरलेले सारे बोलणे साहेबाचे! इतका अभ्यास आपण दुसऱ्या कोणत्याही विषयाचा करीत नाही. प्रश्न एवढाच आहे की ह्या अभ्यासातून आपण शिकतो काय?

आमचे उत्तर थोडे कडू आहे. चांगल्या धन्याकडून आपण फार थोडे शिकतो, कारण त्याचे चांगुलपण आपल्याला दिसतच नाही. काम सुरळीत चाललेले असते, मन मोकळे असते, आणि हे सारे आपोआप होते आहे असे वाटते. वाईट धन्याकडून मात्र आपण पुष्कळ शिकतो, पण बहुधा नको ते. ‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो. तिच्यात केवढी भयंकर गोष्ट सांगितली आहे! सासूच्या हाताखाली पोळलेली सून पुढे सासू होते, तेव्हा ती आपल्या सुनेला सुखात ठेवील असे म्हण म्हणत नाही. आता तिचे चार दिवस आले, एवढेच म्हणते. कारखान्यात, कचेरीत, शाळेत हीच म्हण चालू असते. आज आम्हांला सांगावयाचे आहे ते हे, की ही साखळी आपोआप तुटत नाही. ती जाणूनबुजून तोडावी लागते आणि तोडता येते.

ह्याचे दाखले दूर शोधायला नकोत. हे शहरच अशा एका माणसाने वसवले, ज्याने धन्याच्या शाळेत चाकरी करून विद्या मिळवली. त्याचे नाव मलिक अंबर. त्याचा जन्म १५४८ च्या सुमारास हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, झाला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. हातोहात विकला जात जात तो बगदादच्या एका धन्याकडे आला. ह्या धन्याने त्याला लिहायला वाचायला शिकवले. पुढे त्याला विकत घेतले अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान ह्याने. गंमत अशी की हा चंगीझखान स्वतः हबशी होता आणि एकेकाळी गुलामच होता. बाजारात विकला जाणे म्हणजे काय हे त्याला ठाऊक होते. त्याने अंबराला राबवून घेतले असेलच, पण दरबार, फौज आणि वसूल ही तिन्ही कामे जवळून पाहायला मिळतील अशा जागी ठेवले. थोडीच वर्षे मिळाली, पण त्या थोड्या वर्षांवर अंबराचे पुढचे सारे आयुष्य उभे आहे.

ह्या चंगीझखानाचा शेवट काय झाला? १५७४ साली निजामशाहीने वऱ्हाड जिंकले, त्यात त्याचा मोठा वाटा होता. पण त्याचा धनी होता मूर्तझा निजामशहा. त्याच्या मर्जीतल्या एका माणसाने कान भरले, की पेशवा स्वतंत्र होऊ पाहतो आहे. निजामशाहीच्या दरबारात राहिलेला फरिश्ता हा इतिहासकार सांगतो की राजाने त्यावर विश्वास ठेवला आणि पेशव्याला विष देवविले. नंतर खरे कळले, पश्चात्ताप झाला; पण पश्चात्तापाने मेलेला माणूस उठत नाही. राजा एकांतात जाऊन बसला, कारभार ढासळत गेला, आणि १५८८ साली त्याच्या पोटच्या मुलानेच त्याचा जीव घेतला. पुढे बारा वर्षांनी अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेला. एका हलक्या कानाची किंमत एवढी.

श्रोतेहो, तरुण अंबराने एकाच वेळी दोन धनी पाहिले. एक आपल्यासारख्याच पोराला वर काढणारा, दुसरा आपल्या सर्वोत्तम माणसाला संशयाने मारणारा. चंगीझखानाच्या मृत्यूनंतर अंबर गुलामगिरीतून सुटला. विजापूरकरांची चाकरी करून तो पुन्हा निजामशाहीत आला आणि १६०० नंतर, राजधानी पडल्यावर, त्याने राजघराण्यातल्या एकाला गादीवर बसवून राज्य उभे केले. १६१० साली त्याने खडकी वसवली, तेच आजचे आपले शहर. १६१६ साली मोगलांनी ते उद्ध्वस्त केले, तरी त्याने पुन्हा उभे केले. जमिनीखालून नहर काढून डोंगराचे पाणी शहरात आणले. वसुलाची इजारदारी मोडून जमिनीचा मगदूर आणि पीक पाहून धारा ठरवला, आणि गावाचा वसूल गावच्या पाटलांच्या मार्फत घेतला. कुणब्याला आपल्याला किती द्यावयाचे आहे हे आधी कळू लागले. ‘मलिकंबरी’ हा शब्द मराठी कागदपत्रांत कितीतरी काळ टिकला तो त्यामुळे.

माणसांच्या बाबतीत त्याने चंगीझखानाचा कित्ता गिरवला. हबशांना तयार केलेच, पण मराठा शिलेदारांच्या अंगी कोणता गुण आहे हे ओळखले. हलक्या घोड्यावरून झपाट्याने फिरणे, शत्रूची रसद तोडणे, समोरासमोर न सापडणे हा त्यांचा गुण. त्यांना जड चिलखत घालून मोगलांसारखे उभे केले नाही. त्यांना जे येते तेच काम दिले. माणसाला आपल्या साच्यात कोंबण्यापेक्षा त्याच्या हाताला साजेल ते काम शोधणे, हा चांगल्या धन्याचा पहिला गुण होय.

पण येथे थांबलो तर आम्ही पोवाडा गायला असे होईल. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीला अंबराने मोगल आणि विजापूरकर ह्यांच्या एकत्र फौजांचा पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे होते. त्यांचे धाकटे बंधू शरीफजी तेथे कामी आले. इतक्या मोठ्या विजयानंतर वर्ष-दोन वर्षांतच शहाजीराजे अंबराला सोडून विजापूरकरांकडे गेले. का गेले? कोणी भाऊबंदकीचे कारण देतात, कोणी म्हणतात की भोसल्यांचा वाढता लौकिक अंबराला रुचेना. आम्हांला दोन्ही कारणे खरी वाटतात, कारण भाऊबंदकी नांदत्या घरातही असते. ती मिटवावी की तीवर आपली पोळी भाजून घ्यावी हे धन्याच्या हाती असते. तात्पर्य असे, की संशयाने मरण पावलेल्या धन्याचा हा चेला. म्हातारपणी त्याच संशयाची सावली त्याच्यावरही पडली. १६२६ साली तो वारला. म्हणजे शिकलेला धडाही पुन्हा पुन्हा घोकावा लागतो. एकदा शिकलो, आता आपण सुटलो, असे ह्या शाळेत नाही.

अंबराच्या पश्चात निजामशाहीने तर कळसच केला. १६२९ साली दौलताबादेत, भर दरबारात, सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांना त्यांच्या मुलांसह ठार मारले. ज्यांच्या तलवारीवर राज्य उभे त्यांचाच हा शेवट पाहून शहाजीराजे बाहेर पडले. दौलताबादही १६३३ साली मोगलांनी घेतले. पण पुढे पाहा, शहाजीराजांनी काय केले? त्याच निजामशाही घराण्यातले एक मूल गादीवर बसवले आणि पेमगिरीवरून १६३६ पर्यंत कारभार हाकला. हा अंबराचाच डाव होता! धन्याशी पटले नाही म्हणून धन्याची विद्या टाकून द्यायची नसते, हे शहाजीराजांनी दाखवले. साहेबावरच्या रागात आपण त्याचे हुन्नरही नाकारतो. त्यात साहेबाचे काहीच जात नाही. जाते ते आपलेच.

ह्याच शहाजीराजांचे पुत्र शिवाजीमहाराज. त्यांच्याविषयी मुकुंदवाडीकरांना नवे काय सांगावे? आम्ही दोनच गोष्टी सांगतो. पहिली अशी. १६६६ च्या मार्चमध्ये महाराज आग्र्याला निघाले; वाटेत ह्याच शहरातून गेले. तेथे कैदेत पडले, ऑगस्टमध्ये निसटले. सहा महिन्यांहून अधिक काळ राजा जागेवर नव्हता, जिवंत परत येतो की नाही ह्याची खात्री नव्हती. तरी राज्य मोडले नाही. जिजाऊसाहेब होत्या, मोरोपंत होते, अण्णाजी दत्तो होते. किल्लेदार आपापल्या जागी होते. दुसरी गोष्ट तितकी गोड नाही. त्याच वर्षाच्या आरंभी पन्हाळ्याचा हल्ला फसला. नेताजी पालकर वेळेवर पोहोचले नाहीत म्हणून महाराजांनी त्यांना सरनोबतीवरून दूर केले. ते विजापूरकरांकडे, तेथून मोगलांकडे गेले. तेथे त्यांचे धर्मांतर झाले आणि बादशहाने त्यांना काबूलकडे धाडले. दहा वर्षांनी, १६७६ साली, नेताजी परत आले, तेव्हा महाराजांनी त्यांना पदरात घेतले. रागावणे हा धन्याचा अधिकार आहे. पण रागाचे दार आतून बंद करून किल्ली फेकून देण्याचा अधिकार कोणालाच नाही.

आता ह्याच्या उलट शाळा कोठे होती म्हणाल, तर तीही ह्याच शहरात. औरंगजेबाने १६५३ साली, दख्खनचा सुभेदार असताना, खडकीला आपले नाव दिले. तो कष्टाळू होता, काटकसरी होता, स्वतःच्या हाताने कागद पाहणारा होता. आळशी धन्यांना नावे ठेवणे सोपे आहे. पण औरंगजेब आळशी नव्हता. त्याचे दुखणे दुसरे होते. त्याचा कोणावर विश्वास नव्हता. एका मोहिमेवर दोन मोठे सरदार धाडायचे, म्हणजे एक लढेल आणि दुसरा त्याच्यावर नजर ठेवील, अशी त्याची रीत. फळ काय मिळाले? १६७० साली शहजादा मुअज्जम येथे सुभेदार होता आणि दिलेरखान दख्खनेतच फौज घेऊन होता. आपल्याला कैद करतील ह्या भीतीने दिलेरखान शहजाद्याच्या भेटीलाच येईना. शेवटी तो उत्तरेकडे पळत सुटला आणि शहजाद्याची फौज त्याच्या पाठीवर! त्याच वर्षी मराठ्यांनी सिंहगड घेतला, पुरंदर घेतला आणि ऑक्टोबरात सुरतेवर दुसऱ्यांदा चालून गेले. पुढे १६८१ साली त्याचा एक मुलगा बंड करून संभाजीमहाराजांच्या आश्रयाला आला; १६८७ साली मुअज्जमला त्याने स्वतः कैद केले. १७०७ साली बादशहा वारला, तेव्हा उरलेल्या तीन मुलांना एकमेकांशी लढण्यापलीकडे काही शिकवलेले नव्हते. तिघांतले दोघे त्या लढायांत मेले.

येथून सुमारे तीस किलोमीटरवर खुलताबाद आहे. अंबर आणि औरंगजेब दोघेही तेथेच निजले आहेत. सहलीला जाणारांनी वाटेत एवढाच विचार करावा, की दोघांनीही माणसे सांभाळली, पण एकाने ती वाढवण्यासाठी आणि दुसऱ्याने आवळून धरण्यासाठी.

राजेरजवाड्यांच्या गोष्टी पुष्कळ झाल्या. अलीकडची एक घेऊ. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी एका हुशार तरुणाला शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवले. तो तरुण म्हणजे भीमराव आंबेडकर. करारानुसार १९१७ साली ते बडोद्याच्या नोकरीवर आले. वरचा धनी थोर, ह्यात शंका नाही. पण कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून कागद फेकत. शहरात राहायला जागा मिळेना. नाव लपवून पारशी वसतिगृहात राहिले, तर तेथून लाठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढले. नोकरी सोडून त्यांना परतावे लागले. ह्यातला धडा प्रत्येक मालकाने भिंतीवर लिहून ठेवावा. वरचा माणूस चांगला असून भागत नाही. त्याचे चांगुलपण खालच्या पायरीपर्यंत उतरते की नाही ते पाहावे लागते. आणि ज्यांनी हे सोसले त्यांनी पुढे काय केले? सूड म्हणून दुसऱ्या कोणाला दाराबाहेर उभे केले का? त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली ह्याच शहरात महाविद्यालय काढले, तेच आजचे मिलिंद. ज्यांच्या घरी अक्षर शिरले नव्हते अशांची मुले त्या दारातून आत गेली. मघाची म्हण मोडून दाखवली ती अशी.

आता आपल्या पाळीकडे येऊ. आज ह्या सभेत असे पुष्कळ तरुण आहेत, ज्यांचे वडील जालना, बीड, परभणीकडून मजुरीला येथे आले आणि जे आता स्वतः पाळी सांभाळतात. वडिलांनी ऐकलेल्या शिव्या त्यांच्या कानांत आहेत. त्यांना आम्ही चारच गोष्टी सुचवतो.

एक, कान भरणाराला परत पाठवा. कोणाविषयी कागाळी आली तर त्या माणसाला समोर बोलावून त्याची बाजू ऐकल्याशिवाय निर्णय करू नका. चंगीझखानाला एवढीही संधी मिळाली नाही.

दोन, दोष एकट्याला सांगा, गुण चौघांत सांगा. हल्ली मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये साहेब सकाळी सकाळी एखाद्याची चूक टाकतात आणि चाळीस माणसे ती वाचतात. त्या माणसाच्या घरी त्याची मुलगीही तोच मोबाईल हाताळते, हे साहेबांच्या ध्यानात येत नाही. आम्ही नोकरीत असताना एक फोरमन पाहिले. यंत्र मोडले की त्यांचा पहिला प्रश्न असे, ‘हाताला लागले का?’ नुकसानीचा प्रश्न दुसरा. हा प्रश्नांचा क्रम त्यांनी कोणाला शिकवला नाही. पण त्यांच्या हाताखालून गेलेले लोक पुढे जेथे जेथे वरिष्ठ झाले, तेथे तेथे हा क्रम गेला.

तीन, ‘तो ठेकेदाराचा माणूस आहे’ हे वाक्य तोंडातून काढू नका. कंत्राटी कामगार तुमच्याच पाळीत, तुमच्याच यंत्रावर उभा असतो. त्याला नावाने हाक मारा. पिण्याचे पाणी, हातमोजे आणि जेवणाची सुट्टी त्यालाही तीच असू द्या. बडोद्याची कचेरी आपल्या खात्यात उघडू नका.

चार, आठ दिवस रजेवर जा आणि काम चालते का ते पाहा. थांबले तर अभिमान धरू नका; तुम्ही कोणाला तयार केले नाही एवढाच त्याचा अर्थ. आग्र्याची परीक्षा प्रत्येक धन्याने वर्षातून एकदा द्यावी.

शेवटी एक खुलासा केला पाहिजे, नाही तर आमच्या बोलण्याचा कोणी भलताच अर्थ घेईल. वाईट धन्याकडूनही शिकता येते, म्हणून वाईट धनी असावा किंवा त्याचे निमूट सोसावे, असे आमचे म्हणणे नाही. मजुरी बुडवणारा, बायामाणसांशी अमर्याद वागणारा, सुरक्षेची साधने न देता यंत्रावर उभे करणारा धनी हा शिक्षक नव्हे. त्याच्यासाठी कायदा आहे, संघटना आहे, आणि तेही पुरेना तर त्याचे दार सोडण्याचा मार्ग शहाजीराजांनी दाखवला आहे. आम्ही बोलतो आहोत ते त्यानंतरचे. त्या दारातून बाहेर पडताना आपण सोबत काय नेतो? पुष्कळ लोक फक्त घाव नेतात, आणि पहिली संधी मिळताच तो दुसऱ्याच्या अंगावर काढतात. त्याऐवजी एक यादी न्यावी. ‘हे माझ्यावर झाले, हे माझ्या हातून कोणावर होणार नाही.’ पाच-सात ओळींची यादी पुरे. जेथे चार माणसे हाताखाली येतील तेथे ती महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी, काढून वाचावी. आणि तिच्याच पाठीमागे चांगल्या धन्याची यादी लिहावी, कारण ती न लिहिली तर सर्वांत आधी विसरते.

उद्या आज ह्या सभेत बसलेल्या कोणाच्या तरी हाताखाली अठरा-एकोणीस वर्षांचा नवा मुलगा कामाला लागेल. पहिल्या पगाराची पिशवी घेऊन तो घरी जाईल, तेव्हा आई विचारील, ‘साहेब कसा आहे रे?’ तो काय उत्तर देणार, ते आपल्या हाती आहे.